विमानानं निघालेला मुराळी

मुक्काम : तो शेवटी सांगतो.
सोमवार, पंचमीचा आदला दिवस.

आमचे व्याही श्री. तात्याबा यांना न्हावऱ्याच्या संपतचा रामराम, मान खाली घालून.

तात्या, पत्राची सुरुवात खुशालीनं करायची असते म्हणून आधी तेच विचारतो. तुमचा डावा गुडघा कसा आहे? लिफ्ट बंद पडली की तुम्ही चार मजले जिन्यानं चढता असं हर्षदा सांगत होती, तेव्हाच ठरवलं होतं की पाव्हण्यांना आमच्याकडचं चोळायचं तेल नेऊन द्यायचं. (तेल घेतलं होतं. विमानात एवढी मोठी बाटली हातात नेऊ देत नाहीत. पण विमानाचं नाव मी इतक्या लवकर काढणार नव्हतो, हात घसरला.) विहीणबाईंची साखर उतरली का? सुरजरावांची रात्रपाळी संपली का? वरवंडची तुमची बाजरी मी मागच्या आठवड्यात जाता जाता रस्त्यावरून बघितली. उगवण झकास आहे, खालच्या तुकड्यात जरा पाणी साचलंय, पण ते तुम्हाला तुमच्या भावकीनं कळवलं असेलच. आमच्याकडचं म्हणाल तर गाई बऱ्या आहेत, कांदा चाळीत आहे, आईला कमी ऐकू येतं असं ती म्हणते आणि सगळं ऐकते. घरात खुशाल नाही असा मी एकटाच.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं हे मलाही कळतं. पण फोनवर तुम्ही "बोला संपतराव" म्हणणार, आणि तुमच्या त्या "बोला"नंतर माझ्याच्यानं पुढं बोलवणार नाही. तुम्ही चिडून बोलला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही काल आमच्या घरी फोन करून इतक्या गोडीनं बोललात की मला ओसरीवर बसायला जागा पुरेना. म्हणून कागद घेतलाय. कागदाला माझं तोंड दिसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. म्हणजे येणारच आहे, पण आधी थोडं मागचं सांगू द्या, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी जन्मापासूनच असा आहे. तुम्हाला सुपारीची बैठक आठवत असेल. तुम्ही मोकळ्या मनानं म्हणाला होतात, "संपतराव, पोरगा नागपूरला हाय, आमीबी तिथंच ऱ्हातो. लांब पडंल तुमच्या लेकीला. पर दौंडला गाडीत बसलं की थेट नागपूर, वाटंत बदलायची न्हाई." त्यावर मी हसलो होतो. नुसता हसलो नाही, खिशातून मोबाईल काढला होता आणि चार पाव्हण्यांच्या देखत तुम्हाला पान दाखवलं होतं : पुणे विमानतळ ते नागपूर विमानतळ, सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास, प्रवासाचा वेळ एक तास पंचवीस मिनिटं. "आता गाडीचा जमाना गेला, तात्या," असं मी म्हणालो होतो. (मी तोपर्यंत विमान फक्त खालून बघितलं होतं. लोहगावला उतरणारी विमानं आमच्या शिवारावरून जाताना पंखावरचे दिवेही दिसतात, त्यामुळं माझी विमानाशी ओळख आहे असा माझा समज होता.)

पण तुमच्यापुढं मिरवलो ते एक वेळ चालेल. खरं दुखणं हर्षदाचं आहे. पोरीला स्थळ पसंत होतं, सुरजराव पसंत होते, पण रोज रात्री जेवताना तिचं एकच : "आप्पा, नागपूर लई लांब हाय." मग मी तिला गोठ्यापाशी नेऊन तेच पान दाखवलं. म्हणलं, "एक तास पंचवीस मिनटं. तुजी आई बाजारातनं भाजी घिऊन येती त्याला याच्यापरीस जास्त येळ लागतो. मी सकाळी येतो, सांजच्याला तू हितं." पोरगी हसली आणि हो म्हणाली. तिनं नागपूरला हो म्हणलं नाही तात्या, तिनं त्या एक तास पंचवीस मिनिटांना हो म्हणलं. म्हणून मला जी लाज वाटतेय ती तुमची कमी आणि तिची जास्त आहे. रागावू नका.

त्यानंतर मला त्या पानाचा नादच लागला. दूध संकलनाला गेलो की माप होईपर्यंत मी एकेकाला अंतरं सांगायचो. पुणे ते दिल्ली, पुणे ते दुबई, आणि कुणी मागितलं तर न्यूयॉर्कसुद्धा. लोक बारामतीपर्यंत जात नाहीत, पण न्यूयॉर्कचा वेळ विचारून घेतात. सगळा गाव मला पायलट म्हणायला लागला आणि मीही "ओ" द्यायला लागलो. आमच्या आज्यानं मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी मजल मारली, त्याला कुणी अंतर विचारलं तर तो वाटेत पाणी कुठं कुठं आहे ते सांगायचा. त्याच्या नातवानं किलोमीटर सांगितले आणि पाणी विचारायचं राहून गेलं. त्या पानावर एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचं अंतर अगदी बरोबर होतं. फक्त माणूस विमानतळावर राहत नाही, ही गोष्ट त्या पानाला ठाऊक नव्हती आणि मला असूनही सुचली नाही.

तर काल रविवारी मी मुराळी होऊन निघालो. लेकीला पहिल्या पंचमीला माहेरी आणायला मुराळी जातो तो रिकाम्या हातानं जात नाही, म्हणून घरच्या मंडळींनी, रतननं, शिदोरी बांधली. करंज्या, सांजोऱ्या, बेसनाचे लाडू, ज्वारीच्या लाह्या आणि वर खोबऱ्याच्या वाट्या. आईनं, म्हणजे आमच्या सोजराबाईंनी, भंडाऱ्याची पुडी माझ्या वरच्या खिशात घातली आणि बजावलं, "वाहन नवं हाय का जुनं हे बघायचं न्हाई. भंडारा लावल्याबिगार बसायचं न्हाई." तुम्हाला आमच्या घरची रीत माहीत आहे, तुमच्या घरची तीच आहे. ट्रॅक्टर आणला, भंडारा. दुधाची मोटारसायकल आणली, भंडारा. मागच्या वर्षी कडबाकुट्टी आणली, ती तर कुठं जात-येत नाही, तिलाही भंडारा लावला. तेव्हा मी मान हलवली. त्या घडीला त्यात मला काहीच वावगं दिसलं नाही. आताही पूर्ण दिसतंय असं नाही, पण लोकांनी एवढं सांगितल्यावर मानावं लागतं.

बेत तुम्हाला माहीतच होता. साडेदहाचं विमान, बाराला नागपूर, तुम्ही हर्षदाला घेऊन विमानतळावरच यायचं, मी शिदोरी तुमच्या हातात द्यायची, पोरीला घ्यायचं आणि संध्याकाळच्या विमानानं परत. सांजेला दूध घालायला मी हजर असेन असं मी सकाळीच संकलनावर सांगून निघालो. शिक्रापूरपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथून वाघोलीपर्यंत आमची जीप अशी चालली की शेजारून एक म्हातारा शेळी घेऊन चालत होता, तो आम्हाला तीनदा भेटला. न्हावरे ते लोहगाव एवढ्यालाच विमानाच्या दुप्पट वेळ गेला. जीप चालवणारा खंडू माझा शाळेपासूनचा मित्र आहे, म्हणून त्याला बोलायचा अधिकार आहे. तो म्हणाला, "पायलट, आता आपून नागपुरात असायला पायजे व्हतो."

आत गेल्यावर पहिली अडचण खोबऱ्याची. मोठी पिशवी यंत्रातून गेली आणि तिथल्या माणसानं मला बोलावून विचारलं, "इसमें खोबरा है?" मी अभिमानानं हो म्हणालो. तर म्हणे सुकं खोबरं सामानात चालत नाही, ते पेट घेतं. बाहेर काढून टोपलीत टाका म्हणाला. आता देवाचं खोबरं कचऱ्याच्या टोपलीत टाकायचं? मी तिथंच बाजूला उभा राहिलो, वाट्या फोडल्या आणि रांगेतल्या माणसांना वाटायला सुरुवात केली. बहुतेकांनी घेतलं. टाय लावलेल्या एका साहेबानं तर दोन तुकडे घेतले. रांग पुढं सरकेना, पण कुणी माझ्यावर ओरडलं नाही. तेवढ्यात एका बाईनं "काका, आता पुरे" म्हणून मला पुढं ढकललं. इथपर्यंत, तात्या, मी माणसांत होतो.

पावसाची एक भुरभुर येऊन गेली होती. बसनं आम्हाला विमानापाशी सोडलं, शिडी लावलेली होती. मी शिडी चढलो. शिडीचा कठडा ओला, त्यामुळं माझा हात ओला. दाराशी आलो, उजवा हात खिशात घातला, पुडीत बोटं बुडवली आणि देवाचं नाव घेऊन दाराच्या शेजारी विमानाच्या अंगावर पाच बोटं ओढली. ओल्या हातामुळं ती अशी उठली की लग्नाच्या घराच्या भिंतीवरही उठत नाहीत. दारातली मुलगी हात जोडून दुसऱ्याला नमस्कार करत होती, तिनं बघितलं नाही. मी तिला नमस्कार केला (डाव्या हातानं केला, हे आता आठवतं) आणि जाऊन खिडकीशी बसलो. मन इतकं निवांत झालं होतं की म्हणलं, आता पंख गळून पडला तरी काही होत नाही.

विमान हलेना. दार लागेना. भडक जाकीट घातलेला एक माणूस आला, दाराशी वाकून बघायला लागला. मग दुसरा आला, त्यानं फोटो काढला. तिसऱ्यानं वास घेतला. मग आवाज आला की विमानाच्या दाराजवळ एक पिवळा पदार्थ आढळला आहे, तो काय आहे याची तपासणी झाल्याशिवाय विमान सुटणार नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तात्या, मी त्याच क्षणी उठायला हवं होतं. "माझा आहे" एवढे दोन शब्द. पण मी उठलो नाही. सगळं विमान कुरकुरत होतं. कुणाची नागपूरला मीटिंग होती, कुणाची आई दवाखान्यात होती, मागं एक तान्हं लेकरू रडत होतं, आणि मी उजवा हात डाव्या काखेत घालून बाहेरचा पंख बघत बसलो होतो. पाणी आलं ते मी डाव्या हातानं घेतलं. गोळी आली ती डाव्या हातानं घेतली. एवढंच नाही, माझ्या पुढच्या माणसानं "कोण मूर्ख असतील हे" म्हणलं, तेव्हा मी मान डोलावली. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

माझ्या शेजारी एक नागपूरच्या बाई होत्या, वयानं विहीणबाईंएवढ्या. त्या बऱ्याच वेळानं माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "काहून जी, हात दुखून राहिला का?" मी नाही म्हणालो. "मग काढा ना बाहेर." मी काढला. शर्टाच्या काखेत पिवळं, तळहातावर पिवळं, नखांत पिवळं. त्यांनी ते बघितलं, माझ्या टोपीकडं बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "सांगून द्या ना उठून. लोकं कावून राहिले." आईनं लेकराला पाठीवर हात ठेवून पुढं ढकलावं तसं ते बोलणं होतं. मी उठलो. म्हणालो, "त्यो भंडारा मी लावलाय. देवाचा हाय, इखारी न्हाई." सगळं विमान माझ्याकडं वळलं. खोबऱ्याचे दोन तुकडे घेतलेले टायवाले साहेबही वळले.

विमान चालवणाऱ्या कॅप्टन बाई बाहेर आल्या. अंगात पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर पट्ट्या. त्यांनी शांतपणे हिंदीत विचारलं की का लावलं. मी म्हणालो, गाडी सुखरूप जावी म्हणून. त्या म्हणाल्या, "अंकल, उसी की वजह से तो नहीं जा रही." त्यांचं काही चुकलं नाही. मला खाली उतरवलं, माझी शिदोरी विमानाच्या पोटातून काढून माझ्या हातात दिली आणि तेवढ्यासाठी बाकीच्यांना आणखी खोळंबून राहावं लागलं. जाकिटवाल्यानं ओल्या फडक्यानं दार पुसलं, पण भंडारा तुम्हाला माहीत आहे, एकदा लागला की सहज जात नाही. जोडातली एक पिवळी रेघ राहिलीच. म्हणजे भंडारा नागपूरला पोचला, मुराळी पोचला नाही.

नंतर एका खोलीत बसवलं. मला वाटलं होतं आता बेड्या. पण तिथले साहेब आपल्याच भागातले निघाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "ट्रॅक्टरला आपण लावतो, मला ठाऊक हाय. पण ट्रॅक्टर उडत न्हाई, संपतराव." माझ्याकडून माफीचं लिहून घेतलं आणि सोडलं. त्या दिवशी दुसऱ्या विमानात मला कुणी घेणार नव्हतं आणि मागायची माझी छातीही नव्हती.

आता जे सांगायचं ते सगळ्यात वाईट. त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी हर्षदाला निरोप पाठवला : "जोरदार पावसामुळे विमान रद्द झाले आहे. काळजी नसावी." पाठवला आणि फोन बंद केला. एवढी अंतरं आणि वेळ पाठ असलेल्या माणसाला एवढंही सुचलं नाही, की विमान सुटलंय, ते नागपूरला उतरणार आहे, आणि तिथं तुम्ही तिघं दाराकडं डोळे लावून उभे आहात! वाघोलीच्या गर्दीत फोन चालू केला तर हर्षदाचा निरोप येऊन पडलेला : "आप्पा, विमान आलं. माणसं बाहेर यायला लागलीत. एक बाई सांगत होत्या की कुणीतरी दाराला हळद लावली म्हणून उशीर झाला. आप्पा, हळद होती का भंडारा?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. कालपासून दिलेलं नाही.

तुम्ही गुडघा दुखत असताना तिथं तासन्‌तास उभे राहिलात. विहीणबाईंनी पोरीची ओटी भरून, हिरव्या बांगड्या भरून आणली होती. भरल्या ओटीनं लेक परत सासरच्या दारात आली, मुराळ्याविना. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही, तुम्हीच संध्याकाळी रतनला फोनवर सांगितलंत, आणि मी पलीकडं भिंतीला टेकून ऐकत होतो. तुम्ही म्हणालात, "व्हतंय आसं, वहिनी. पावसापान्याचं काय सांगावं. आता पंचमी आमच्यातच हू द्या पोरीची." तुम्हाला सगळं ठाऊक असून तुम्ही पावसाचं नाव घेतलंत. माझं खोटं तुम्ही माझ्या बायकोपुढं झाकलंत, तात्या. त्यापेक्षा जोड्यानं मारलं असतं तर मी उभं राहून खाल्लं असतं. रतननं फोन ठेवला. अंगणातल्या लिंबाला सकाळीच झोका बांधला होता, तिकडं बघितलं आणि गोठ्यात गेली. आई मात्र बोलली. तिनं विचारलं, "लावला व्हता न्हवं?" मी म्हणालो, लावला होता. "मग झालं तर," म्हणाली, आणि जपमाळ ओढायला लागली.

तेव्हा हात जोडून माफी मागतो. विमानाची मागून झाली, लिहून दिली. तुमची राहिली होती. बढाई मारली त्याची, खोटं बोललो त्याची, आणि फोन बंद ठेवला त्याची सगळ्यात जास्त. दौंडच्या गाडीला हसलो होतो तेही त्यात धरा. पंचमी पोरीनं तुमच्याकडं केली तरी ती काही परक्या घरी नाही, हे मला समजतं. विहीणबाईंना नमस्कार, सुरजरावांना आशीर्वाद. हर्षदाला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, मला सुचत नाही.

तुमचा,
गावात पायलट, बाकी काही नाही,
संपत

ता. क. पंचमी तुमच्याकडंच करा असं वर लिहिलं ते रीत म्हणून लिहिलं. मनापासून लिहिलेलं नाही. पोरगी घरी यावी असं फार वाटतं.

ता. क. दुसरा. या पाकिटावर तिकीट नाही आणि ते तुमच्या पोस्टमननं आणलेलं नाही, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. त्याचं असं झालं, काल गोठ्यातून आल्यावर रतननं शिदोरीची पिशवी माझ्यापुढं ठेवली. एका वाक्यापलीकडं ती अजूनही माझ्याशी बोललेली नाही. म्हणाली, "दौंडला गाडी थांबती." खंडूनं दौंडला सोडलं. रात्रभर दरवाज्यापाशी पिशवीवर हात ठेवून बसून आलो. (गाडीला भंडारा लावला नाही. मनातल्या मनात हात जोडले.) वाटेत खरोखर कुठं बदलावं लागत नाही, तुमचं बरोबर होतं. दुपारपासून तुमच्या बिल्डिंगच्या समोर चहाच्या टपरीवर बसलोय. हा कागद आणि पाकीट शेजारच्या दुकानातून घेतलं. हर्षदा मघाशी गॅलरीत कपडे काढायला आली होती, तेव्हा मी टपरीच्या मागं जाऊन उभा राहिलो. जरा वाळल्यासारखी दिसली. आज संध्याकाळच्या गाडीत बसलो तर उद्या पंचमीला सकाळी दौंड आणि पोरगी उन्हं चढायच्या आत झोक्यावर. म्हणून एवढीच विनंती, की तुम्ही गॅलरीत येऊन नुसतं "या" म्हणा. नाही आलात तर समजेन, शिदोरी वॉचमनपाशी ठेवीन आणि निघेन. शिव्या देणार असाल तरी या.

ता. क. तिसरा. पाकीट वॉचमनला द्यायला गेलो होतो, तो घेईना. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "आप न्हावरेवाले हो ना? भाभी ने कल ही बोल रखा है, मेरे पापा आएंगे, नाम-वाम मत पूछना, सीधा ऊपर भेज देना." मी विचारलं, कल कधी? तर म्हणाला, काल दुपारी, विमानतळावरून आल्या आल्या, रिक्षातून उतरतानाच. म्हणजे मी तिकडं वाघोलीच्या गर्दीत तोंड लपवून बसलो होतो, आणि इकडं पोरगी माझ्यासाठी फाटक उघडं ठेवायला सांगत होती. तात्या, मी फाटकापाशी उभ्या उभ्या रडलो. वॉचमननं खुर्ची दिली, तिच्यावर बसून एवढं लिहितोय.

आता वर येतो. सगळं तोंडानंच सांगायचं ठरवलंय आणि हे पत्र खिशातच ठेवणार आहे. तरीही ते तुमच्या हातात पडलं असेल, तर दार उघडल्यावर मला बोलता आलं नाही आणि मी नुसता कागद पुढं केला, असं समजा. वाचून झालं असेल तर मान वर करून बघा. मी अजून उंबऱ्याच्या बाहेरच उभा आहे.